फणीखालचे काम : एका जुन्या पॉलिफोन संगीतपेटीची खरेदी

लाइपझिगच्या पॉलिफोन कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झालेली, धातूची तबकडी लावून वाजवायची एक संगीतपेटी मी गेल्या वर्षी इंग्लंडमधील एका विक्रेत्यांकडून विकत घेतली. पेटी टेबलावर ठेवण्याच्या प्रकारातील आहे, तिच्या तबकडीचा व्यास १५⅝ इंच, म्हणजे चाळीस सेंटिमीटरला किंचित कमी आहे आणि आत पोलादी फण्या दोन आहेत. या परीक्षणात पेटीइतकेच विक्रेत्यांविषयीही लिहिले आहे, कारण अशा वस्तूच्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. सव्वाशे वर्षांच्या यंत्राचा आजचा आवाज जितका मूळ कारखान्याचा असतो, तितकाच तो त्याची शेवटची दुरुस्ती ज्या हातांनी केली त्या हातांचा असतो. हे गृहस्थ आपल्या घरालगतच्या कार्यशाळेत, आधी वेळ ठरवूनच ग्राहकांना भेटतात. घरात मौल्यवान यंत्रे असल्यामुळे आपले नाव आणि गाव कुठेही छापले जाऊ नये अशी त्यांची इच्छा आहे आणि ती मी येथे पाळली आहे.

ज्यांनी असे यंत्र पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी त्याची रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. स्वित्झर्लंडमधील जुन्या संगीतपेट्यांत पितळी दंडगोलावर हजारो बारीक खिळे बसवलेले असत आणि दंडगोल फिरला की ते खिळे पोलादी फणीचे दात छेडत. आवाज अत्यंत नाजूक, परंतु बहुतेक पेट्यांत जी चार-सहा गाणी दंडगोलावर एकदा बसवली तीच कायमची. १८८० च्या दशकाच्या मध्यात लाइपझिगमध्ये पाउल लोखमान यांच्या सिंफोनियन कंपनीने दंडगोलाच्या जागी बदलता येण्याजोगी तबकडी आणली आणि पेटी एकच ठेवून गाणी हवी तितकी घेण्याची सोय झाली. त्याच कंपनीतून बाहेर पडलेल्या गुस्ताव्ह ब्राखहाउझेन आणि पाउल रीसनर यांनी पुढे पॉलिफोन उभी केली आणि थोड्याच वर्षांत ती या व्यवसायात सर्वांत मोठी झाली. ब्राखहाउझेन १८९२ मध्ये अमेरिकेला गेले आणि त्यांनी न्यू जर्सीत रेजिना कंपनी काढली. ग्राहकाच्या दृष्टीने या इतिहासाला आजही व्यवहारात अर्थ आहे, कारण रेजिनाच्या साडेपंधरा इंची तबकड्या माझ्या आकाराच्या पॉलिफोनवर चालतात आणि त्यामुळे युरोप आणि अमेरिका या दोन्ही बाजारांतून तबकड्या घेता येतात. भारतातील वाचकांना या घराण्याचे एक नाव नक्की ओळखीचे असेल. ग्रामोफोनने संगीतपेटीचा बाजार बुडवल्यावर पॉलिफोन कंपनी स्वतःच रेकॉर्डच्या धंद्यात उतरली, १९१७ मध्ये तिने डॉइचे ग्रामोफोन ही कंपनी ताब्यात घेतली आणि सत्तरच्या दशकातील हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डांवर आपण ज्या पॉलिडॉर नावाकडे पाहत आलो, ते नाव याच पॉलिफोनच्या वारशातून आले.

तबकडी जस्ताच्या किंवा पोलादाच्या पत्र्याची असते. तिच्या पत्र्यातून कापून खालच्या बाजूला वळवलेले छोटे उठाव असतात. तबकडी फिरते तेव्हा हे उठाव खालच्या रांगेतील ताऱ्याच्या आकाराच्या चाकांना एकेक टप्पा पुढे ढकलतात आणि त्या चाकांची टोके फणीचे दात छेडतात. तबकडीच्या कडेला भोके असतात, त्यांत दातेरी चाक अडकून तबकडी फिरते, वरून एक दाबदांडा तिला जागेवर धरून ठेवतो आणि एका फेरीत साधारण एक मिनिटाचे गाणे पूर्ण होते. दोन फण्यांच्या पेटीत प्रत्येक चाक एकाच वेळी दोन दात छेडते, दोन्ही बाजूंना एकेक. हे दोन दात एकाच स्वराचे असले तरी त्यांच्या सुरांत केसभर अंतर ठेवलेले असते आणि त्या अंतरामुळे नादाला जी लहर येते, ती एका फणीच्या पेटीत कधीही ऐकू येत नाही.

आता मूळ विषयाकडे येते. दूरध्वनीवर मी या विक्रेत्यांना पहिल्यांदा विचारले तेव्हा मला १९⅝ इंची उभी पेटी हवी होती. नाणे टाकून वाजणाऱ्या या पेट्या व्हिक्टोरियन काळाच्या अखेरीस ब्रिटनमधील पबमध्ये ठेवलेल्या असत आणि आजही संग्राहकांमध्ये त्यांना मोठी मागणी आहे. त्यांच्याकडे विक्रीसाठी तशी एक पेटी होती आणि ती अर्थातच महाग होती. तरीही त्यांनी प्रथम मला खोली किती मोठी आहे, जमीन लाकडी आहे की गालिच्याची, घरात लहान मूल किंवा आजारी माणूस आहे का आणि मी बसून ऐकणार आहे की पाहुण्यांना दाखवणार आहे, असे प्रश्न विचारले. उत्तरे ऐकून त्यांनी स्पष्ट सांगितले की ती पेटी गोंगाटाने भरलेल्या दालनात पैसे गोळा करण्यासाठी बनवलेली आहे, बैठकीच्या लहान खोलीत तिचा आवाज तुम्हाला महिनाभरात नकोसा होईल, तुम्ही १५⅝ इंची टेबलावरची पेटी ऐकायला या. अधिक किमतीची वस्तू घेण्याची तयारी असलेल्या ग्राहकाला कमी किमतीच्या वस्तूकडे वळवणारा विक्रेता दुर्मीळ असतो आणि माझा त्यांच्यावरील विश्वास तेथून सुरू झाला.

कार्यशाळेत त्यांनी माझ्यासाठी दोन पेट्या मांडून ठेवल्या होत्या. एक पाहताक्षणी मन ओढून घेणारी होती. अक्रोडाच्या व्हेनिअरचा, म्हणजे वरून चिकटवलेल्या पातळ लाकडी पत्र्याचा, उत्तम गुळगुळीत डबा, झाकणावर रंगीत लाकडांच्या तुकड्यांनी केलेले फुलांचे जडावकाम आणि झाकणाच्या आत वाद्ये वाजवणाऱ्या बालकांचे छापील चित्र, तेही जवळजवळ डागरहित. या पेटीत फणी एकच होती. दुसऱ्या पेटीचे झाकण साधे होते, एका कोपऱ्यावर व्हेनिअर बदललेले ओळखू येत होते आणि आतील चित्राचा खालचा काठ पाण्याने पिवळा पडला होता, पण तिच्यात फण्या दोन होत्या. त्यांनी एक शब्दही न बोलता एकच तबकडी आधी पहिल्या आणि मग दुसऱ्या पेटीवर लावली. पहिल्या पेटीतील वॉल्ट्झ स्वच्छ आणि सरळ ऐकू आला. दुसऱ्या पेटीत तेच स्वर खोलीभर पसरले, खर्जाच्या स्वरांना बूड आले आणि वरच्या सप्तकातील द्रुत तुकड्यांत पहिल्या पेटीत जो कोरडेपणा जाणवला होता, तो येथे नाहीसा झाला. दोन्ही पेट्यांच्या किमतींत फार फरक नव्हता. डब्याचे सौंदर्य आणि नादाचे सौंदर्य यांतील निवड ग्राहकाने स्वतःच्या कानांनी करावी, यासाठी एकच तबकडी दोन्हींवर वाजवून दाखवण्याइतका प्रामाणिक मार्ग दुसरा नाही. इतर विक्रेत्यांकडे गेल्यास आपण तशी मागणी अवश्य करावी.

यानंतर त्यांनी जे दाखवले, त्यासाठी हे परीक्षण लिहिण्याची मला विशेष इच्छा झाली. दुरुस्तीच्या रांगेत असलेली, त्याच आकाराची एक तिसरी पेटी त्यांनी पुढे ओढली आणि तीच तबकडी तिच्यावर लावली. सुरुवातीचे संथ स्वर ठीक होते. पण जेथे एकच स्वर पाठोपाठ दोन-तीनदा येत होता, तेथे प्रत्येक वेळी एक चिरका, किंचाळल्यासारखा आवाज निघत होता आणि खर्जाकडे तर गुरगुर ऐकू येत होती. हा दोष डॅम्परचा. छेडलेला दात काही काळ थरथरत राहतो आणि तो थरथरत असतानाच चाकाचे पुढचे धातूचे टोक त्याला भिडले, तर पोलादावर पोलाद घासून कर्कश आवाज निघतो. तो टाळण्यासाठी प्रत्येक चाकाशेजारी एक इवलीशी लवचीक पट्टी बसवलेली असते. चाक वळू लागले की ही पट्टी बाजूला सरकून फणीच्या दाताला टेकते, आधीचा नाद शमवते आणि दूर होते, मगच नवी छेड पडते. संतूर वाजवणारा कलावंत तारांवर तळहात हलकेच टेकवून आधीचा नाद आवरतो, तेच काम येथे एकेका दातासाठी एकेक पट्टी करते. पट्टी किंचित जरी लांब राहिली तर ती नव्या स्वराचाच गळा दाबते आणि किंचित आखूड पडली तर किंचाळी ऐकू येते.

दोन फण्यांच्या पेटीत दातांची संख्या दीडशेच्या आसपास जाते. हे सर्व डॅम्पर तपासणे, वाकलेले सरळ करणे, मोडलेले नव्याने घडवणे आणि प्रत्येकाचे अंतर दातानुसार जुळवणे हे भिंगातून, चिमट्याने, अनेक आठवडे चालणारे काम आहे. फण्या परत बसवल्यावर त्यांतील काहीही वरून नीट दिसत नाही. डब्याला पॉलिश केलेले कोणालाही दिसते, सोनेरी रंग दिलेली ओतीव लोखंडाची बैठक चमकते, नवे छापील चित्र झाकणात चिकटवता येते. बाजारात तयार पेटी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पेट्यांवर एवढेच काम झालेले असते, असे या विक्रेत्यांचे मत आहे आणि मी आधी दोन-तीन ठिकाणी जे ऐकले होते, त्यावरून मला ते पटले. आपण विक्रेत्याला जी जास्तीची किंमत देतो, ती जवळजवळ सगळी फणीखालच्या या न दिसणाऱ्या कामाची असते. ते काम झालेले नसेल, तर ती किंमत कशाचीच नसते.

म्हणून पेटी ऐकताना कोणती तबकडी निवडावी याला महत्त्व आहे. संथ स्तोत्र किंवा अंगाईसारखे गीत वाजवून दाखवले जात असेल, तर ते गोड लागेलच, कारण त्यात डॅम्परची परीक्षा होत नाही. ज्यात एकच स्वर वेगाने पुन्हा पुन्हा येतो असे मार्चचे किंवा ऑपेराच्या आरंभवादनाचे संगीत मागून घ्यावे, झाकण उघडे ठेवून कान फणीच्या पातळीवर आणावा आणि मग एकदा झाकण बंद करून ऐकावे. माझ्याबरोबरच्या व्यवहारात ही मागणी करण्याची वेळ आली नाही, त्यांनी स्वतःच अशी तबकडी काढली.

त्यांनी दिलेले स्थितीपत्रक हाताने लिहिलेले, दोन पानी आणि निःसंकोच होते. वरच्या सप्तकातील तीन दातांची टोके नवी लावली आहेत, खर्जाच्या दोन दातांचे शिसे बदलले आहे, मुख्य स्प्रिंग बदलली आहे, गव्हर्नरचा (वेग आवरणाऱ्या भागाचा) मळसूत्री दांडा मूळचा असून त्याची टोके घासून नीट केली आहेत, व्हेनिअरचा एक कोपरा नवा आहे, झाकणाचे पॉलिश पुन्हा केले आहे. शिशाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. खर्जाचे दात जड व्हावेत आणि त्यांचा स्वर खाली यावा म्हणून त्यांच्या खालच्या बाजूला शिशाचे तुकडे बसवलेले असतात. दमट जागेत वर्षानुवर्षे राहिलेल्या पेटीत हे शिसे पांढरी भुकटी होऊन फुगते, शेजारच्या दाताला जाऊन भिडते आणि ते कमी झाले की दाताचा स्वर चढतो. विजेरी आणि छोटा आरसा घेऊन फणीखाली पाहिले की पांढरी भुकटी ओळखता येते. जोडलेल्या दातांचा डाखही तेथे पोलादापेक्षा वेगळ्या छटेत दिसतो. त्यांनी आरसा माझ्या हातात दिला आणि पत्रकातील प्रत्येक नोंद मी प्रत्यक्ष पाहून घ्यावी असा आग्रह धरला. डब्यात आणखी एक गोष्ट पाहिली, ती म्हणजे बैठक धरणाऱ्या स्क्रूंची भोके. बुजवलेली जास्तीची भोके आढळली, तर एका पेटीचे यंत्र दुसऱ्या पेटीच्या डब्यात बसवलेले असण्याची शक्यता असते. माझ्या पेटीत तशी भोके नव्हती.

मुंबईच्या चोर बाजारात पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन पाहून ज्यांनी जुन्या वस्तूंच्या व्यापाराविषयी मत बनवले आहे, त्यांच्या मनात फसवणुकीची भीती असणे स्वाभाविक आहे, कारण तेथे जुने म्हणून मांडलेले पुष्कळ ग्रामोफोन नव्या-जुन्या भागांतून अलीकडे जुळवलेले असतात. तबकडीच्या संगीतपेटीत फसवणुकीचा प्रकार निराळा आहे. संपूर्ण पेटी खोटी बनवणे परवडण्यासारखे नाही, त्यामुळे समोरची पेटी खरी असण्याची शक्यता मोठी असते. प्रश्न उरतो तो तिच्यात काय दडवले आहे याचा.

या पेटीसाठी मी साडेतीन हजार पौंड दिले. त्यात बारा तबकड्या, घरपोच आणून बसवून देण्याचे काम आणि एक वर्षाची हमी यांचा समावेश होता. ही रक्कम लहान नाही आणि लिलावात अशी पेटी यापेक्षा पुष्कळ कमी बोलीवर जाते हेही खरे आहे. परंतु बोलीच्या रकमेवर लिलावगृहाचे अधिमूल्य लागते, ते अनेक ठिकाणी बोलीच्या पाव भागाइतके असते आणि त्यावर कर वेगळा. शिवाय लिलावात पेटी एक-दोन मिनिटे ऐकायला मिळाली तर मिळते. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने वस्तू वर्णनाप्रमाणे आणि समाधानकारक दर्जाची असण्याचे जे संरक्षण व्यापाऱ्याकडून घेणाऱ्या ग्राहकाला दिले आहे, ते लोकांना स्वतः हजर राहता येते अशा जाहीर लिलावातील जुन्या वस्तूंना लागू होत नाही. ज्याला स्वतः फणी काढून डॅम्पर जुळवता येतात, त्याने लिलावातून घ्यावी. ज्याला येत नाहीत, त्याने लिलावातील स्वस्त पेटीमागे दुरुस्तीचा खर्च आणि चांगल्या कारागिराकडील लांब प्रतीक्षा दोन्ही धरून हिशेब करावा. मी तो केला आणि विक्रेत्यांची किंमत मला रास्त वाटली.

तबकड्यांच्या बाबतीत मात्र माझे समाधान पूर्ण नाही. बारा तबकड्या पेटीसोबत ठरलेल्या होत्या, निवडायला मिळाल्या नाहीत. त्यांतील दोन जस्ताच्या तबकड्यांचे काही उठाव तुटलेले निघाले. उठाव तुटला की त्या जागी स्वर गळतो आणि गाणे मध्येच अडखळल्यासारखे होते. तक्रार केल्यावर त्यांनी एक तबकडी बदलून दिली, दुसरीच्या बदल्यात देण्यासारखी त्याच गाण्याची जुनी तबकडी आपल्याकडे नाही असे सांगून तिची किंमत कमी धरून दुसऱ्या गाण्याची तबकडी दिली. व्यवहार न्याय्य झाला, पण यंत्राच्या प्रत्येक दाताची नोंद पत्रकात करणाऱ्या माणसाने तबकड्या एकदा आरंभापासून शेवटापर्यंत वाजवून पाहिल्या असत्या तर हा प्रसंग आला नसता. जुन्या गाण्यांच्या नव्याने कापलेल्या तबकड्याही आज मिळतात. त्या घेण्यास हरकत नाही, मात्र उठाव नीट वळवलेले नसतील तर चाकांची झीज होते, म्हणून नवी तबकडी कोणाकडून घ्यावी हे आपल्या पेटीच्या दुरुस्तकालाच विचारावे असे त्यांनी सांगितले. माझ्या जुन्या तबकड्यांपैकी काहींवर लंडनमधील वितरक म्हणून निकोल फ्रेअर हे नाव छापलेले आहे. जिनिव्हातील दंडगोलाच्या पेट्यांसाठी ज्या घराण्याची ख्याती होती, त्याच नावाने पुढे लंडनमध्ये प्रतिस्पर्धी लाइपझिगच्या तबकड्या विकाव्यात, यातून त्या काळी बाजार किती झपाट्याने उलटला होता ते दिसते.

झाकणाचे पॉलिशही माझ्या मते गरजेपेक्षा जास्त चमकदार झाले आहे. जुन्या लाकडाला येणारी मंद छटा त्यात हरवली. ही आवडीनिवडीची बाब असली तरी, ज्यांना मूळचे पॉलिश टिकवलेले हवे असेल त्यांनी काम सुरू होण्याआधीच तसे सांगावे. पेटी घरी पोहोचण्यासही ठरल्यापेक्षा बराच अधिक काळ लागला आणि त्या काळात फोनला उत्तर मिळणे कठीण होते. एकट्याने काम करणाऱ्या कारागिराच्या बाबतीत हे समजून घेता येते, तरी पैसे आधी दिलेल्या ग्राहकाला आठवड्यातून एक निरोप मिळायला हवा.

पेटी पोहोचवण्याची पद्धत मात्र आदर्श होती. हे दोन माणसांनी उचलण्याचे वजन आहे. निघण्यापूर्वी त्यांनी स्प्रिंगचा ताण पूर्णपणे उतरवला, तबकड्या वेगळ्या बांधल्या, दाबदांडा मऊ कापडाने जागच्या जागी बांधून ठेवला आणि गाडीत पेटी सपाट राहील अशी ठेवली. स्प्रिंगला चावी दिलेली असताना गव्हर्नर किंवा फणी कधीही सैल करू नये ही सूचना त्यांनी मला दोनदा दिली. गव्हर्नर हा पंख्याच्या हवेच्या अडथळ्याने वेग आवरणारा भाग आहे. तो निघाला तर सगळी साठलेली शक्ती एका क्षणात सुटते, चाके आणि दात उद्ध्वस्त होतात आणि जवळ असलेल्या हाताला गंभीर इजा होऊ शकते. ज्यांना कुरिअरने पेटी मागवायची आहे त्यांनी, स्प्रिंग उतरवली आहे असे विक्रेत्याकडून लेखी घेतल्याखेरीज ती मागवू नये.

घरी पेटी प्रथम गालिच्यावरील एका बुटक्या बाकावर ठेवली होती. त्यांनी ती उचलून जेवणाच्या लाकडी टेबलावर ठेवायला सांगितली आणि आवाजात जो फरक पडला तो ऐकून घरातील सर्वांना नवल वाटले, कारण टेबलाची फळीच नाद वाढवते. आज पेटी त्याच टेबलाच्या एका टोकाला आहे. माझी आई पुण्याहून आली होती, तेव्हा तिने रोज संध्याकाळी दोन-तीन तबकड्या लावायला सांगितल्या. आयुष्यभर हार्मोनियमवर गाण्याची साथ केलेल्या तिच्या कानाला यातील स्वरांत मींड नाही, एकदा सुटलेला स्वर वाकत नाही, हे लगेच जाणवले. पण दोन फण्यांमधील त्या सूक्ष्म अंतराने येणारी लहर तिला फार आवडली आणि जोडीच्या स्वरपट्ट्यांची आठवण झाली. या पेटीला संगीताचे खेळणे समजणाऱ्यांनी तिच्या खर्जाचा शेवटचा स्वर विरेपर्यंत एकदा शांतपणे ऐकावा, असे मला मनापासून वाटते. तबकडीवरील वादनरचना करणाऱ्या कारखान्यातील मंडळींनी कोणता स्वर किती काळ घुमू द्यायचा, त्यावर पुढचा कोणता चढवायचा याचा विचार पूर्ण संगीतकाराच्या जबाबदारीने केलेला आहे.

हमीच्या वर्षात एकदा खर्जाकडील एक दात मंद वाजू लागला. डॅम्पर दूर होताना अडकत होता. त्यांनी येऊन, स्प्रिंग उतरवून, फणी काढून तो जागेवरच दुरुस्त केला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. जाताना फणीवर, चाकांवर आणि डॅम्परवर तेलाचा थेंबही पडू देऊ नका असे बजावले, कारण तेलात धूळ धरते आणि मग तीच डॅम्पर चिकटवते. तेल कोठे लागते ते दाखवले आणि ते काम काही वर्षांनी त्यांच्याकडूनच करून घ्यावे असे सुचवले.

अशी पेटी मुंबई, कोकण किंवा गोव्यात नेण्याचा विचार असणाऱ्या नातलगांनी मला विचारले आहे. किनाऱ्यावरील खारट, दमट हवा पोलादी फणीला आणि खालच्या शिशाला दोन्हींना घातक आहे. पावसाळ्यात खोलीतील आर्द्रता यंत्राने कमी ठेवण्याची कायमची सोय नसेल तर मी ती नेण्याचा सल्ला देणार नाही. पुणे किंवा नाशिकसारख्या तुलनेने कोरड्या हवेच्या शहरात, भिंतीपासून दूर, बंद कपाटात तबकड्या ठेवून ती सांभाळता येईल, पण फणी उतरवू शकणारा कारागीर जवळपास मिळेल याची खात्री आधी करून घ्यावी.

असा विक्रेता शोधायचा असेल तर मार्ग अवघड नाही. ब्रिटनमध्ये १९६२ पासून म्युझिकल बॉक्स सोसायटी ऑफ ग्रेट ब्रिटन ही संग्राहकांची संस्था आहे आणि अमेरिकेत त्याहून जुनी म्युझिकल बॉक्स सोसायटी इंटरनॅशनल आहे. त्यांच्या सभासदांकडून दुरुस्तकांची आणि विक्रेत्यांची विश्वासार्ह माहिती मिळते. विक्रेत्याकडे जाताना त्याने स्वतः केलेले डॅम्परचे काम दाखवायला सांगावे, कोणत्या पेटीवर कोणी काम केले आहे हे विचारावे आणि आपल्याकडे आधीची एखादी त्याच आकाराची तबकडी असेल तर ती सोबत न्यावी, म्हणजे प्रत्येक पेटीवर तीच तबकडी लावून ऐकता येते.